कारणाचा रकाना

नामपूर
४ जानेवारी २०२५

उत्तरामावशी,

नमस्कार. मी तेजल. तुमच्या मावसबहिणीची, शकूची धाकटी. आईच्या दहाव्याला तुम्ही आला होतात, त्यानंतर चार वर्षांत आपलं बोलणं झालं नाही आणि आता एकदम कामासाठी लिहितेय, राग मानू नका. तुम्ही एवढी वर्षं ऑपरेशन थिएटरला सिस्टर होतात, म्हणून तुमच्याशिवाय दुसरं कुणी सुचलं नाही.

नोव्हेंबरात मी बाथरूमच्या पायरीवरून पडले. नाकाचं हाड मोडलं. सटाण्याच्या डॉक्टरांनी आत कापूस भरला, गोळ्या दिल्या. सूज उतरली तेव्हा दिसलं की नाक उजव्या गालाकडे कललंय. उजव्या बाजूने श्वासही नीट जात नाही, रात्री तोंड उघडं ठेवून झोपावं लागतं.

१६ फेब्रुवारीला माझ्या नणंदेचं, निकिताचं लग्न आहे. त्याआधी नाक सरळ करून घेऊ असं आमच्या ह्यांचं म्हणणं. राकेश स्वतःच मागे लागलेत. त्यांनी नाशिकचं एक क्लिनिक मोबाइलवर शोधलंय. चाळीस हजार, अर्ध्या तासाचं काम, त्याच दिवशी घरी. ३१ जानेवारीची तारीखही घेतलीय. मावशी, एवढ्यात होतं का हे? का जास्त लागतात? आणि डॉक्टर चांगला की नाही हे आपल्यासारख्यांनी कसं ओळखायचं?

माझा फोन फुटलाय, म्हणून पत्र. उत्तर घरी नको, शाळेच्या पत्त्यावर पाठवा. मी इथल्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. घरी पत्रं इकडेतिकडे होतात.

तुमची
तेजल

नाशिक
९ जानेवारी

तेजल,

तुझं अक्षर थेट शकूसारखं आहे.

आता स्पष्ट बोलते, मला गोड बोलता येत नाही. नणंदेच्या लग्नातल्या फोटोंसाठी कुणी नाक कापून घेतं का? तुम्हा मुलींना मोबाइलमधली तोंडं बघून काय झालंय कळत नाही. फोटो कुणी चार दिवसांवर बघत नाही, आणि नाक जन्मभर तोंडावर राहतं.

पण श्वास जात नसेल तर ती वेगळी गोष्ट आहे. तेव्हा ऐक. चाळीस हजारांत हे होत नाही. नाशिकमध्ये चांगल्या माणसाकडे लाख-सव्वा लाख लागतात. त्यात भूल देणारा डॉक्टर वेगळा, थिएटरचं भाडं वेगळं, एक रात्र दवाखान्यात. चाळीस हजार सांगणारा यातलं काहीतरी गाळतोय. बहुतेक भूलवालाच गाळतो.

डॉक्टरकडे गेलीस की चार गोष्टी विचार, लाजू नको. तुमची पदवी कशातली? प्लास्टिक सर्जन किंवा कान-नाक-घसावाला असला पाहिजे, भिंतीवर कसल्याशा कोर्सचं सर्टिफिकेट चालत नाही. भूल कोण देणार? मध्येच श्वास अडकला तर इथे काय सोय आहे? आणि चौथं म्हणजे, माझ्यासारखी किती नाकं केलीत, आणि बिघडलेलं एखादं सांगा. जो म्हणेल माझ्या हातून एकही बिघडलं नाही, त्याच्या समोरून उठायचं.

शिवाय नोव्हेंबरात मोडलेलं हाड जानेवारीत कुणी शहाणा माणूस हलवत नाही. पहिल्या दहा-बारा दिवसांत बसवायचं, ते हुकलं तर सहा महिने थांबायचं. मे-जूनच्या आत हात लावतो म्हणणारा डॉक्टर नको.

तुझी मावशी
उत्तरा

ता. क. पाकीट चिकटवून ठेवलं होतं, सकाळी पुन्हा उघडलं. एकतीस वर्षं मी मोडलेली नाकं बघितलीत. पायरीवरून पडणाऱ्याचं कपाळ फुटतं, दात पडतात, हाताचं मनगट जातं. नाक एकाच बाजूला, तेही उजव्या गालाकडे कधी जातं माहीत आहे? समोर उभा असलेला उजव्या हाताचा माणूस मारतो तेव्हा. तुझा नवरा डावखुरा आहे का? नसेल, तर मला खरं लिही.

नामपूर
१५ जानेवारी

मावशी,

तुमचं पत्र शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं. ताजा कलम वाचून झाल्यावर पोरं बाहेर होती म्हणून बरं.

नाहीत डावखुरे.

१४ नोव्हेंबरला जेवायला ह्यांचे मार्केटातले दोघं मित्र आले होते. हे म्हणाले, तेजलच्या शाळेला पंचवीस डिसेंबरपासून आठ दिवस सुट्टी आहे, तेव्हा सगळे फिरायला जाऊ. मी भाकरी वाढताना म्हटलं, आठ नाही, एकच दिवस सुट्टी आहे. बस. एवढंच. मित्र हसले. एक म्हणाला, घ्या राकेशभाऊ, मास्तरणीनं चूक काढली. हेही हसले. पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडून आले, चप्पल जागेवर ठेवली, हात धुतला. मी ताटं उचलत होते. त्यांनी पाण्याचा पितळी तांब्या उचलला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आता सांग किती दिवस."

मी मान वर केली आणि त्यांनी मारला. आवाज मला बाहेरून नाही, डोक्याच्या आतून आला. ओली काटकी मोडते तसा. रक्त परातीतल्या पिठात पडलं. मी खाली बसले तर त्यांनी केस धरून वर उचललं, पुन्हा विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, आठ. तेव्हा सोडलं.

सासूबाई, सुलाबाई, दारातच उभ्या होत्या. त्यांनी स्वतःच्या पदरानं माझं तोंड पुसलं, आणि पुसता पुसता म्हणाल्या, "कोनले सांगू नको. पाय घसरना, बस." सटाण्याच्या डॉक्टरांपुढे त्याच बोलल्या. मी मान हलवली.

हे पहिल्यांदा नाही. लग्नाच्या सातव्या महिन्यात बोट मोडलं, ते दारात सापडलं म्हणून सांगितलं. फोन डिसेंबरात माझ्या पाठीवर मारून फोडला. पण मावशी, ह्या वेळी ते रडले. माझ्या पायाशी बसून म्हणाले, माझ्या हातून झालं, मीच नीट करून देतो, किती का पैसे लागेनात. म्हणून मला वाटलं की हे ऑपरेशन म्हणजे त्यांची माफी आहे. तुम्ही सहा महिने थांब म्हणता. हे थांबणार नाहीत. निकिताच्या सासरचे लोक नाकाकडे बघून विचारतात, आणि त्यांनी विचारलं की ह्यांचा हात थरथरायला लागतो. तो थरथरायला लागला की मला पुढचं कळतं.

तुम्ही मला मूर्ख म्हणाल. म्हणा.

तेजल

नाशिक
२० जानेवारी

तेजल बाळा,

मूर्ख मी. फोटोंवरून तुला बोलले ते शब्द मागे घेता आले असते तर बरं झालं असतं.

कुणाला न सांगितलेली एक गोष्ट सांगते. १९९६ साली मी कॅज्युअल्टीला होते. सुरगाण्याकडची एक बाई आली, झुंबरबाई. तिचं नाक शेंड्यापासून कापलेलं होतं आणि कापलेला तुकडा तिच्या नवऱ्याने रुमालात गुंडाळून आणला होता. तोच तिला घेऊन आला होता, तोच आमच्या पाया पडत होता, नीट करा म्हणून. ती नुसती माझ्याकडे बघत होती. रजिस्टरात कारणाचा रकाना असतो. वरचे डॉक्टर म्हणाले, सिस्टर, पोलीस-कोर्टाच्या भानगडीत कोण पडणार, "गवत कापताना विळा लागून" लिहा. मी लिहिलं. माझ्या हाताने, निळ्या शाईने. टाके घालून तिला त्याच्यासोबत घरी पाठवलं. अडीच महिन्यांनी ती परत आली तेव्हा मानेपासून खाली जळलेली होती. कारणाच्या रकान्यात "स्टोव्ह भडकून" लिहायला दुसऱ्या सिस्टरला सांगितलं गेलं. झुंबरबाई तिसऱ्या दिवशी गेली.

म्हणून आता डोळे उघडून वाच. तुझ्या नवऱ्याला स्वस्त क्लिनिक पैशांसाठी नकोय. त्याला असा माणूस हवाय जो विचारणार नाही. मोठ्या दवाखान्यात गेलात तर कसं मोडलं ते विचारतात, लिहितात, पोलिसांना कळवावं लागतं. त्या क्लिनिकात तुझं नाक सरळ होणार नाही, पुरावा सरळ होईल.

मी काल डॉ. मृण्मयी रहाळकरांना भेटले. प्लास्टिक सर्जन आहे, चाळिशीची, माझ्यासमोर शिकून मोठी झालेली. खर्च विचारला, सव्वा लाख म्हणाली. मग म्हणाली, "सिस्टर, नाक मी मे महिन्यानंतरच करीन. पण तपासणी आजही करीन, आणि कसं मोडलं ते तिच्या तोंडून ऐकून लिहीन. ते लिहू देणार असेल तर पाठवा." सर्जन निवडायचा तर असा निवडायचा. हाताची सफाई नंतर बघू.

शाळेतून निघ आणि थेट बस धर. कपडे नको, दागिने नको. इथे द्वारका चौकात उतरून रिक्षा करायची, पत्ता पाकिटावर आहे, माझा फोन नंबर खाली लिहितेय तो पाठ कर आणि हे पत्र फाडून टाक.

मावशी

नामपूर
२६ जानेवारी

आदरणीय मावशी,

साष्टांग नमस्कार. आपण मला ओळखत नाही, मी आपला जावई राकेश. आपलं २० तारखेचं पत्र शाळेतून माझ्या हाती मिळालं. मी तेजलचा डबा द्यायला गेलो होतो. आपलं अक्षर फार सुंदर आहे.

आपल्या वयाचा मान ठेवून चार शब्द लिहितो. नवरा-बायकोत भांडी वाजतात. आपलं लग्न झालेलं नाही, त्यामुळे आपल्याला त्यातलं कळणार नाही. तेजलला पत्रातलं वाचून दाखवलं, तिला तिची चूक समजली आहे. तिने शाळेतून रजा घेतली आहे. ३१ तारखेला ठरल्याप्रमाणे आम्ही ऑपरेशन करून घेत आहोत. नाक आमच्या घरचं आहे, ते कुठं नि कुणाकडून सरळ करायचं ते आम्ही बघू.

यापुढे पत्र लिहू नये. आपण एकट्या राहता. द्वारकेला ट्रकांची फार गर्दी असते, या वयात रस्ता जपून ओलांडत जा. काळजी वाटते म्हणून लिहिलं.

आपला नम्र
राकेश

नाशिक
८ फेब्रुवारी

मावशी,

तुम्ही रोज संध्याकाळी माझ्या पलंगाशेजारी बसता आणि मी नुसती बघत राहते. जबडा तारेनं बांधलाय, बोलता येत नाही. आज सकाळी सिस्टरकडून कागद मागून घेतला. पोलिसांना खुणा करून आणि थोडं लिहून दिलं, पण तुम्हाला सगळं सांगायचंय.

तुमचं पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं हे खरं. कसं, ते लिहिलं नसेल. एक ओळ वाचायचे आणि एक मारायचे. पाठीवर, मांडीवर, जिथं साडी असते तिथं. निकिताच्या लग्नाआधी तोंडाला हात लावायचा नाही एवढी शुद्ध होती. झुंबरबाईची ओळ आली तेव्हा थांबले, आणि म्हणाले, "बघ, तुझ्या मावशीलाही कळतं शेवट काय होतो."

३१ तारखेला सकाळी गाडीनं नाशिकला आणलं. दुसऱ्या मजल्यावरचं क्लिनिक, काचेचा काउंटर, भिंतीवर बायकांचे आधीचे-नंतरचे फोटो. काउंटरवर संजना नावाची मुलगी होती. तिनं फॉर्म दिला. ह्यांनीच भरला. ऑपरेशनचं कारण: "सौंदर्यासाठी, स्वतःच्या इच्छेने." मला म्हणाले, सही कर.

डॉक्टर म्हणून जो माणूस आला तो आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांएवढा, जीन्सवर पांढरा कोट. म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ, अर्धा तास."

मला का कुणास ठाऊक, भीती वाटायची थांबली. खूप मार खाल्ला की कधीकधी असं होतं. मी विचारलं, "भूल कोण देणार?"

"मीच देतो ना. सुई टोचली की झालं."

"तुमची पदवी कशातली?"

तो भिंतीकडे बघायला लागला. हे हळूच म्हणाले, "तेजल, सही." मांडीवर त्यांचा हात होता, तो थरथरायला लागला होता.

मी पेन घेतलं. "सौंदर्यासाठी" वर काट मारली आणि खाली लिहिलं, "नवऱ्याने १४ नोव्हेंबरला तांब्या मारला." आणि सही केली.

त्यांनी फॉर्म वाचला. सावकाश, दोनदा. मग माझ्या मानेमागून केस धरले आणि तोंड काउंटरच्या कडेवर आपटलं. पहिल्या वेळी काच तडकली. दुसऱ्या वेळी माझं काहीतरी आत तुटलं आणि तोंडात दात मोकळे फिरायला लागले. तिसऱ्या वेळी मी हात मध्ये घातला म्हणून मनगट गेलं. ते ओरडत नव्हते, मावशी. शांतपणे मोजत होते. एक. दोन. तीन. तो कोटवाला मागच्या जिन्यानं पळाला. नाकाला पट्टी लावलेली एक बाई बाकावर बसली होती, ती किंचाळत होती. आणि संजना, ती एवढीशी मुलगी, काउंटरवर चढली आणि सॅनिटायझरची बाटली तिनं ह्यांच्या डोळ्यांत रिकामी केली. ते आंधळ्यासारखे हात मारायला लागले, एक ठोसा तिलाही बसला, तरी तिनं धावत जाऊन बाहेरचं दार ओढून घेतलं आणि ११२ लावला. खालच्या दुकानातले चौघं आले, त्यांनी ह्यांना जमिनीवर दाबून धरलं. ह्यांनी पत्र वाचलं तेव्हा खालचा तुमचा नंबर मी ऐकून पाठ केला होता, तो काउंटरखाली बसून तिला बोटानं फरशीवर लिहून दाखवला. शाई हवी तेवढी होती.

तुम्ही आलात तेवढं आठवतंय.

डॉ. रहाळकरांनी काल कागद दाखवला. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलंय, "पतीने केलेली मारहाण. रुग्णाने स्वतः लिहून सांगितले." मी तो तीनदा वाचला.

तेजल

नाशिक
९ फेब्रुवारी

तेजल,

तू समोरच आहेस, पण तुझ्यापुढे बोलताना माझा आवाज फुटेल, म्हणून मीही कागदावरच उत्तर देते.

तो मार माझ्या पत्रानं खाल्लास. पत्र फाडून टाक म्हणणाऱ्या बाईला ते तुझ्या हाती पडेल की नाही याचा विचार करता आला नाही. राकेशचं पत्र २८ला आलं. शाळेत फोन केला, रजेवर आहे म्हणाले. नामपूरला निघायची पिशवी भरली आणि मग घाबरले. तो म्हणाला होता तसा रस्ता ओलांडताना दोन दिवस मागे वळून वळून बघत होते. दोन दिवस, तेजल. त्या दोन दिवसांत मी निघाले असते तर तुझा जबडा शाबूत असता. झुंबरबाईसारख्या किती जणी आल्या याचा मी हिशेब ठेवत आले, आणि माझ्या घरची वेळ आली तेव्हा कडी लावून बसले.

पोलिसांना त्याचं पत्र दिलंय. मला माफ कर असं म्हणत नाही. घरी चल एवढंच म्हणते.

मावशी

वणी
१२ डिसेंबर

मावशी,

आता माझ्याकडे फोन आहे आणि तू रोज संध्याकाळी करतेस, तरी हे लिहूनच कळवते. फोनवर मध्येच तुझं "अगं, अगं" सुरू होतं आणि माझं सांगायचं राहतं. तुझ्या घरी सहा महिने राहिल्यावर "अहो मावशी" तोंडात येत नाही, ते तू चालवून घे.

आधी नाकाचं. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी केलं त्याची गेल्या आठवड्यात शेवटची तपासणी झाली. आतलं हाड उत्तम बसलंय. बाहेरून विचारशील तर पूर्वीसारखं नाही, जरा दुसऱ्याच कुणाचं वाटतं. डॉक्टर म्हणाल्या, "आणखी एक छोटं ऑपरेशन करून वरचा उंचवटा घालवता येईल, पण हमी देणार नाही." मी नको म्हटलं. विकायला आता दुसरं मंगळसूत्र नाही, असं म्हणाले तर त्या हसल्या.

सासूबाईंनी कोर्टात "पाय घसरला" असंच सांगितलं. माझ्याकडे बघितलं नाही. निकिताचं लग्न ठरल्या दिवशीच झालं होतं, मी माहेरी गेलेय असं सांगून. माझं माहेर कुठलं, हे त्या लोकांना कुणी विचारलं नसावं. राकेशच्या वकिलानं मला विचारलं, "नाक सुंदर करण्याची हौस तुम्हाला होती, हे खरं ना?" मी म्हटलं, श्वास घ्यायची हौस होती. न्यायाधीशबाईंनी ते लिहून घ्यायला सांगितलं. पुढची तारीख जानेवारीत आहे.

आता कालचं. ऑक्टोबरात त्याला जामीन मिळाला, माझ्या आसपास फिरकायचं नाही या अटीवर, ते तुला माहीत आहेच. काल सव्वाअकराला मी इथल्या, बदलीच्या शाळेत वर्गात होते. खिडकीतून फाटक दिसतं. फाटकाबाहेर तो उभा होता. दाढी वाढलेली, हातात काळी कापडी पिशवी. माझ्याकडे बघून त्यानं हात हलवला, जसा मुलाला घ्यायला आलेला बाप हलवतो तसा.

मावशी, मी टेबलाला धरलं. मग पोरांना म्हटलं, सगळ्यांनी मुख्याध्यापक बाईंच्या खोलीत रांगेनं जायचं, पळायचं नाही. मोहिनीबाईंना सांगितलं, त्यांनी पोलिसांना फोन लावला. मी फाटकाला कुलूप घालायला निघाले. बाई म्हणाल्या, जाऊ नका. पण कुलूप घालायला दुसरं कुणी नव्हतं.

मी कडीत कुलूप अडकवलं तेव्हा आमच्यात फक्त गज होते. तो म्हणाला, "तेजल, बघू, कसं झालंय नाक." इतक्या गोड आवाजात. मी किल्ली फिरवली. तेव्हा त्यानं पिशवीतून कोयता काढला आणि गजांतून घातला. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं सोलली गेली, फार नाही, चार टाके. मी मागे झाले. मग तो फाटकावरच मारत सुटला. लोखंडावर लोखंड, ठिणग्या उडत होत्या, आणि प्रत्येक घावाला माझं नाव घेत होता. सप्तशृंगीच्या गडावर जाणारी भाविकांची गाडी थांबली, माणसं उतरली, पण कोयता बघून कुणी जवळ येईना. मी तिथेच उभी राहिले. पळायचं होतं, पण पाठ केली तर तो वर चढेल असं वाटलं. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले आणि तो मारत राहिला. दहा-बारा मिनिटं असतील. पोलिसांची गाडी आली तेव्हा त्याचा हातच उचलेना झाला होता. त्यांनी कोयता घेतला, त्याला पाठीमागे हात बांधून बसवला. जामीन रद्द होईल असं साहेब म्हणाले. जाताना तो माझ्याकडे नाही, फाटकाकडे बघत होता. फाटकावर नुसते ओरखडे पडले होते.

बोटांना पट्टी बांधून झाली. मोहिनीबाई म्हणाल्या, घरी जा, आज मी वर्ग बघते. चौथीची पोरं दारात उभी होती, एक मुलगी रडत होती. तिला जवळ घेतलं तर तिनं विचारलं, "बाई, तो परत येईल?"

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, येऊ शकतो. मग आपण पुन्हा कुलूप घालू.

पोरं आपापल्या जागी जाऊन बसली. काल भागाकार शिकवायचा होता. शिकवला.

तुझी
तेजल